सायत्राबाईंचं पाव सुराचं भांडण

पुण्यात लोकसंगीतावर प्रेम करणारी एक संस्था आहे. हे प्रेम महिन्यातून एकदा, वातानुकूलित सभागृहात, चहाच्या आधी केलं जातं. या संस्थेने मला धानरोवणीची गाणी ध्वनिमुद्रित करायला चंद्रपूरकडे पाठवलं, आणि तेही डिसेंबरात. रोवणी, म्हणजे भाताची लावणी, पावसाळ्यात होते हे समितीतल्या कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही आलं नाही, कारण माझा तांदूळ कोपऱ्यावरच्या दुकानात उगवतो.

निघताना संस्थेने मला एक छापील फॉर्म दिला. त्यात रकाने होते: गीत कुणाकडून शिकलात? आई, आजी, इतर. गीताची शुद्धता? उत्तम, मध्यम, भेसळयुक्त. जणू मी तूप आणायला चालले होते. सोसायटीतल्या लोकांनीही आपापल्या परीने निरोप दिला. अर्ध्यांनी विचारलं, "वाघ बघायला का?" उरलेल्यांनी आवाज खाली आणून सांगितलं, "जपून हं, तिकडे जंगल आहे." तिकडे माणसं आहेत का, हे कुणी विचारलं नाही.

चंद्रपूर

स्टेशनवर मला घ्यायला रमेशभाऊ आले होते. भाड्याची गाडी त्यांचीच, चालवणारही तेच. वय पन्नाशीचं, मिशी पिळदार, आणि बोलण्याचा एकच विषय. शहराबाहेर पडेपर्यंत त्यांनी मला वीज केंद्राची धुराडी दाखवली, किल्ल्याची भिंत दाखवली आणि मग वाघ सुरू केला.

"मॅडम, या वळनावर मागच्या महिन्यात निघाला होता."

पुढच्या वळणावरही निघाला होता. त्याच्या पुढच्या वळणावर तर जोडीने निघाला होता. मूल हे गाव गाठेपर्यंत मी रस्त्याकडे टक लावून बसले, आणि मला दिसल्या त्या बकऱ्या. रमेशभाऊंच्या मते बकऱ्या दिसतात म्हणजे वाघ जवळच असणार. बकऱ्या दिसल्या नसत्या तर वाघाने खाल्ल्या असत्या. अशा तर्कापुढे आमच्या संस्थेची समितीसुद्धा हरली असती.

डिसेंबर असून दुपारचं ऊन कानशिलावर बसत होतं. "ही थंडी हाय मॅडम," रमेशभाऊ म्हणाले. "मे महिन्यात या. मंग कळते." त्यांच्या आवाजात असा अभिमान होता, जसा आमच्याकडे लोक हापूसबद्दल बाळगतात.

रोवणीच्या गाण्यांसाठी मी पुण्यातून ज्यांना ज्यांना फोन केले, त्या सगळ्यांनी मला एकच नाव सांगितलं होतं. सिंदेवाहीच्या अलीकडे एक गाव आहे, तिथल्या सायत्राबाई. आधी शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर गायल्या, मग झाडीपट्टीच्या, म्हणजे या पूर्व विदर्भातल्या नाटकांत अठरा हंगाम गाणारी नायिका होत्या, आणि आता घरी असतात. मी मनात त्यांचं चित्र तयार करूनच निघाले होते. नऊवारी लुगडं, कपाळावर गोंदण, हातात विळा, मागे झोपडी. संस्थेच्या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर शोभलं असतं.

सिंदेवाहीच्या अलीकडे

सायत्राबाई फुलाफुलांचा गाऊन घालून, खांद्यावर टॉवेल टाकून टीव्ही बघत बसल्या होत्या. मालिकेत एक सून विष कालवत होती. त्यांनी मला हाताने थांबवलं, विष कालवून होईपर्यंत उभं ठेवलं, आणि जाहिरात लागल्यावर म्हणाल्या, "या मॅडम. बसा. पुन्याहून गाणे न्याले आल्या ना?"

न्यायला आले, हे खरंच होतं. माझ्या मनात मी जतन करायला आले होते.

वय पासष्टच्या आसपास, उंच बांधा, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. गळ्याला मफलर होता. इतक्या उकाड्यात मफलर का, असा प्रश्न मी विचारायच्या आत त्यांनी तो सोडला. गळ्याच्या पुढच्या बाजूला लिंबाएवढी गाठ होती.

"पुढच्या सोमवारी नागपूरले कापाची हाय," त्या म्हणाल्या. "पोरगी तिथीच नर्स हाय, तिनं सगळं जमवलं. डॉक्टर म्हणते, आवाजाची नस त्या गाठीले चिपकून हाय. वाचली त वाचली." मग लगेच आत वळल्या. "आयते खाता ना? का पुन्यातले लोकं तांदूळ फक्त भातातच खाते?"

आयते म्हणजे तांदळाच्या पिठाचे पातळ, जाळीदार घावन. सोबत जवसाची चटणी आणि अंबाडीची आंबट भाजी. मी सात खाल्ले. आमच्याकडे पाहुण्याने तिसऱ्याला नको म्हणायचं आणि यजमानाने ते लगेच मान्य करायचं, अशी पद्धत आहे. इथे मी नको म्हटलं की बाईंनी ते ऐकूच आलं नाही असं दाखवायचं, आणि आणखी एक ताटात पडायचा. पोट भरल्यावर मी मोठ्या अधिकाराने फॉर्म काढला.

"रोवणीची गाणी तुम्ही कुणाकडून शिकलात? आईकडून की आजीकडून?"

"रेडिओवरून."

मी 'इतर' वर खूण केली.

"चाल रेडिओची, बोल माहे," त्यांनी खुलासा केला. "माही माय गात नोती. ते गाणं म्हनत नोती, कोनाले म्हनूही देत नोती. तिचं डोकं दुखे."

मग त्यांनी जे सांगितलं, त्याला फॉर्ममध्ये रकाना नव्हता. चौदाव्या वर्षी त्या दुसऱ्याच्या बांधीत रोवणीला जात. बांधी म्हणजे धुऱ्यांनी चारी बाजू बंद केलेला भाताचा तुकडा. गुडघाभर चिखलात दिवसभर वाकायचं, रोप खोचायचं, आणि एकेक पाऊल मागे सरकायचं. सायत्रा गायला लागली की बायांचे हात भरभर चालतात, हे शेतमालकाच्या ध्यानात आलं. त्याने तिला चिखलातून वर काढलं, धुऱ्यावर उभं केलं, आणि सांगितलं, तू फक्त गा.

"म्हणजे लोककलेचा सन्मानच की," मी म्हणाले.

"काहाचा सन्मान? माही मावशी चार दिवस माह्याशी बोलली नाई. 'आमच्या कमरा मोडून राह्यल्या आन् हे महारानी उभी.' मी गाल्ली की त्यायले जास्त काम करा लागे. बाया मले शिव्या देत होत्या, आन् त्याही तालावर देत होत्या."

त्यांनी दोन ओळी गुणगुणून दाखवल्या:

*मागं मागं सरू बाई, हिरवं होते रान,*
*कंबर माही वाकली बाई, वाकत नाई मान.*

मी घाईघाईने यंत्र चालू केलं, तर त्यांनी हात पुढे केला. "हे नाई. हे तं मी कोनालेही देतो म्हनून. तुमाले खरं गाणं पायजे ना? मंग मले एके ठिकानी घेऊन चाला. कुरखेड्याच्या पुढं. गाडी हायच तुमच्याजवळ."

"तिथे कोण आहे?"

"दयाराम मास्तर," त्या म्हणाल्या, आणि मफलर पुन्हा गळ्याभोवती गुंडाळला. "त्यायच्याशी माहं भांडन हाय. सोमवारच्या आत मिटवा लागते."

अशा रीतीने संस्थेच्या संशोधन प्रकल्पाची सूत्रं सायत्राबाईंच्या हाती गेली. गाडीत पुढच्या सीटवरही त्याच बसल्या. मी मागे, त्यांच्या पिशवीशेजारी.

वडसा

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रह्मपुरीवरून वैनगंगेचा पूल ओलांडून आम्ही वडशाला पोचलो. शेतांत धान कापून झालं होतं, ठिकठिकाणी गंज्या लागल्या होत्या, तळ्यांत शिंगाडे काढणारे लोक छोट्या डोंग्यांत वाकलेले दिसत होते. रमेशभाऊंना पुलावरही वाघ आठवला, पण सायत्राबाईंनी "चूप बसा ना भाऊ, वाघाले तरी आराम द्या" म्हटल्यावर ते आरमोरीच्या फाट्यापर्यंत शांत राहिले. हे मला आदल्या दिवशी सुचायला हवं होतं.

वडसा हे हिवाळ्यात नाटकांचं गाव असतं. नाटक कंपन्यांची कार्यालयं रस्त्याला लागून, किराणा दुकानांसारखी. गावोगावचे लोक येतात, फलक बघतात, नाटक ठरवून जातात. फलकांवरची नावं वाचून मी धन्य झाले. 'कुंकू पुसलं सासूनं'. 'नवरा नको, न्याय हवा'. 'भाऊ, तू राक्षस झालास'. आमच्याकडे प्रायोगिक नाटकाचं नाव कळायला तीन चर्चासत्रं लागतात. इथे नाव वाचलं की अर्धं नाटक बघून होतं.

एका हॉटेलात तर्री पोहे घेतले. तर्री म्हणजे लालभडक रस्सा. तो पोह्यांवर ओतला जातो आणि खाणाऱ्याला पूर्वीची पापं आठवतात. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत असताना सायत्राबाईंनी भांडणाची हकिकत सांगितली, त्यामुळे हॉटेलवाल्याला वाटलं मी गहिवरले.

दयाराम मास्तर ऑर्गन वाजवायचे. झाडीपट्टीच्या नाटकात पायाने भाता मारायचा तो जुना ऑर्गन रंगमंचाच्या पुढ्यातच असतो, आणि वाजवणारा म्हणजे नाटकाचा अर्धा मालक. एकदा ते सायकलवरून सिंदेवाहीला चालले असताना त्यांनी धुऱ्यावरची सायत्रा ऐकली. सायकल टेकवली, गाणं संपू दिलं, आणि म्हणाले, "आवाज चांगला हाय. ताल कोनाच्या बापाचा हाय?"

"मी त्यायले गोटा मारला होता," सायत्राबाई म्हणाल्या. "लागला नाई. दुसऱ्या दिवशी ते माह्या बापाले भेटाले आले."

मग मास्तरांनी तिला नाटक कंपनीत नेलं. पुढे एका शेतकऱ्याशी तिचं लग्न झालं. नवरा कसा होता, असं मी विचारलं. "होता," त्या म्हणाल्या, आणि त्याचं चरित्र तिथे संपलं. तो शेती बघायचा, त्या हंगामात गायच्या. अठरा हंगाम. मास्तर चाली बांधायचे, त्या गायच्या. त्यांचं नाव ऐकून लोक बैलगाड्यांनी यायचे. मग एका गावात, भर खेळात, त्या एक पद गात असताना मास्तरांनी भात्यावरचा पाय काढला. ऑर्गन बंद. सगळ्या मंडपासमोर ते म्हणाले, "सायत्रा, सूर उतरून राह्यला."

"मग?"

"मंग मी उतरली. इस्टेजवरून... काय म्हनते तुमी, रंगमंचावरून. लुगडं बदललं आन् घरी आली. त्या दिवसापासून मास्तरांचं तोंड नाई पाह्यलं. बीस साल होऊन राह्यले."

त्या दुसऱ्या कंपनीत गेल्या, पण तिथला ऑर्गनवाला त्यांच्या मागे धावायचा आणि पोचायचा नाही. दोन महिन्यांत त्यांनी सोडलं. मास्तरही परत आपल्या गावी, जंगलात गेले, पुन्हा कुठल्या कंपनीत बसले नाहीत. लोक म्हणत, फलकावर बाईंचं नाव मास्तरांपेक्षा मोठं छापलं होतं, म्हणून म्हाताऱ्याने जळून केलं. हॉटेलवाला मधेच म्हणाला, "हाव ना, जळूनच." म्हणजे ही गोष्ट अख्ख्या वडशाला पाठ होती.

मलाही ती लगेच पटली. एका कलावंत स्त्रीचा आवाज एका पुरुषाने भर सभेत बंद पाडला! पोह्यांनी पेटलेल्या तोंडाने मी मनातल्या मनात मास्तरांना ऐकवायचं भाषण रचायला घेतलं. त्यात 'व्यवस्था' हा शब्द चार वेळा होता.

कुरखेड्याच्या पुढे

डांबरी रस्ता संपल्यावर थोड्याच वेळात गाडीचं मागचं चाक बसलं. रमेशभाऊंनी स्टेपनी काढली. तीही बसलेली होती.

"मागच्या महिन्यात एका वळनावर हेच बसलं होतं, तसंच ठेवलं," ते म्हणाले. म्हणजे कुठल्या तरी वाघवाल्या वळणावर.

दोन्ही बाजूंना साग आणि बांबू. पानगळ सुरू झाली होती, कुठलंही पान पडलं की माणूस चालल्यासारखा आवाज व्हायचा. इतक्या वेळ वाघ वाघ करणारे रमेशभाऊ आता गाडीच्या आत बसून काच वर करायला लागले. सायत्राबाई मात्र खाली उतरून एका मोहाच्या झाडाखाली पिशवीवर बसल्या आणि शिंगाडे सोलायला लागल्या. अर्ध्या तासाने धानाच्या पेंढ्या भरलेला ट्रॅक्टर आला. वर चार बाया बसल्या होत्या. त्यातल्या एकीने सायत्राबाईंकडे निरखून पाहिलं, आणि ओरडली, "वो बाई! तुमी त त्या नाटकातल्या ना! कवाड लावून घेते ते!"

आम्हाला पेंढ्यांवर चढवण्यात आलं. रमेशभाऊ गाडीजवळच थांबले, काचा लावून. मी धानाच्या कुसळांवर बसून गेले, आणि पुढचे चार दिवस माझ्या संशोधनाला खाज सुटत राहिली.

मास्तरांचं घर गावाच्या टोकाला होतं. शेणाने सारवलेलं अंगण, तांबड्या मातीच्या भिंतींवर पांढरे पट्टे, आणि बाजूच्या खळ्यात धान काढायचं थ्रेशर धडाडत होतं. दारात त्यांची बायको फुलाबाई भेटली. तिने काही न विचारता आधी पाय धुवायला पाणी आणून ठेवलं, मग प्यायला पाणी, मग "जोहार" म्हणाली, आणि मग कुठे आमच्या तोंडाकडे पाहिलं. आमच्याकडे न सांगता आलेल्या पाहुण्याला दाराच्या साखळीतून "आधी फोन करायचा ना" हे ऐकावं लागतं.

सायत्राबाईंना ओळखल्यावर फुलाबाई हसली नाही, रागावलीही नाही. आत तोंड करून एवढंच म्हणाली, "आयकता का? आली हो ते."

मास्तर बाहेर आले. पंचाहत्तरीचे, काटकुळे, सदऱ्याची बटणं नीट लावलेली. खाटेवर बसले. सायत्राबाई समोर जमिनीवर. मी भाषणाचं पहिलं वाक्य जिभेवर घेऊन उभी. पण मला कुणी बोलायला सांगितलं नाही.

"मास्तर," सायत्राबाई म्हणाल्या, "सोमवारी माहा गळा कापनार हाय. त्याच्या आधी सांगा. त्या दिवशी मी बेसूर होती का?"

थ्रेशर चालूच होतं. मास्तरांनी त्यांच्या गळ्याकडे पाहिलं.

"होतीस," ते म्हणाले.

फुलाबाईने कपाळावर हात मारला. "आतातरी खोटं बोला ना! एवढ्या दुरून आली ते!"

"किती?" सायत्राबाईंनी विचारलं.

"पाव सूर. जास्त नाई."

"लोकाले समजलं असतं?"

"नाई. कोनालेच नाई."

"मंग थांबवलं काऊन?"

मास्तरांना हा प्रश्नच विचित्र वाटला असावा. "मले आयकू आलं ना," ते म्हणाले.

माझं भाषण तिथेच गळून पडलं. एवढ्यात मला वाटलं सायत्राबाई उठणार, आणि आपल्याला पायी परत जावं लागणार. पण त्या खाली बघून अंगणातली एक काडी मोडत होत्या.

"मलेही आयकू आलं होतं," त्या म्हणाल्या.

फुलाबाईने पदर तोंडाला लावला. मास्तरांनी मान वर केली.

"पयल्याच ओळीत समजलं मले," सायत्राबाई पुढे म्हणाल्या. "सात रोज झोप नोती. म्हनलं, दुसऱ्या ओळीत सावरून घेईन. तुमी तेवढा दम धरला नाई. मी बेसूर होती याचा मले राग नोता, मास्तर. तुमी सगळ्यायपुढं सांगतलं. आन् मंग लोकं म्हनाले लागले की म्हातारा जळते, तं मी त्यायले म्हनू देल्लं. बीस साल म्हनू देल्लं. माह्यासाठी ते सोपं होतं."

मास्तरांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "पडदा पडल्यावर सांगाचं होतं मी. ते चुकलं माहं. घरी आल्यावर पेटी उघडाची इच्छाच नाई झाली." आणि लगेच विचारलं, "आता लागते का सूर?"

"पायता का?"

ऑर्गन आतल्या खोलीत धानाच्या पोत्यांखाली होता. आम्ही तिघींनी पोती सरकवली. भात्याला उंदरांनी भोक पाडलं होतं, फुलाबाईने त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला. दोन पट्ट्या दाबल्या तरी बोलत नव्हत्या. त्या लागणार नाहीत अशी गाण्याची पट्टी मास्तरांनी धरली. मी यंत्र लावलं आणि थ्रेशर बंद करता येईल का असं विचारलं. फुलाबाई म्हणाली, "ते भाड्याचं हाय, बाई. संध्याकाळी दुसऱ्या गावाले जाते. ते नाई थांबत कोनाच्या गाण्यासाठी." मग तसंच मुद्रण सुरू केलं. मागे थ्रेशर, मधे एक बकरी, आणि पुढे तेच पद, जे त्या दिवशी अर्धं राहिलं होतं.

*मीच लावलं कवाड राजा, मीच उभी बाहेर...*

दुसऱ्या ओळीला मास्तरांनी भात्यावरून पाय काढला.

फुलाबाई म्हणाली, "झालं! पुन्हा सुरू यांचं!"

"चढली," मास्तर म्हणाले.

"गाठीमुळं अंदाज लागत नाई," सायत्राबाई म्हणाल्या. घोटभर पाणी प्यायल्या. "घ्या पुन्हा."

पुन्हा घेतलं. या वेळी कुणीच थांबलं नाही. तो आवाज काही गोड नव्हता. त्याला धार होती, मधे मधे तो खरवडायचा, आणि वर जाताना गळ्यावरची गाठ थरथरताना दिसायची. पण थ्रेशरच्या वरून तो स्पष्ट येत होता. खळ्यातल्या बाया एकेक करत कुंपणापाशी आल्या. संगीतावर मी बरंच लिहिलं आहे, आणि 'आर्त' हा शब्द तर मी मिठासारखा वापरते. त्या वेळी मला एकही शब्द आठवला नाही, याची नोंद मी इथे प्रामाणिकपणे करते. फॉर्म पिशवीतच राहिला.

गाणं संपल्यावर वाहवा वगैरे काही झाली नाही. कुंपणापाशी एक बाई म्हणाली, "हाव, हेच होतं ते," आणि सगळ्या कामाला परत गेल्या. फुलाबाईने भात, लाखोरीच्या डाळीचं वरण आणि तळ्यातल्या बारक्या मासोळ्यांचा रस्सा वाढला. मास्तर आणि सायत्राबाई जेवताना एका जुन्या तबलजीबद्दल बोलत होते, तो मेला का जिवंत आहे, यावर त्यांचं एकमत होईना.

निघताना मास्तर अंगणाच्या टोकापर्यंत आले. "ऑपरेशन झालं की येजो."

"आवाज नाई राह्यला त?"

"त चहा पिऊ चूप बसून. तशीही तू भल्ली बडबड करतेस."

परतीला दुसरा ट्रॅक्टर मिळाला, कुरखेड्याहून दुरुस्त झालेलं चाक मिळालं, आणि काचा बंद गाडीत घामाने भिजलेले रमेशभाऊ मिळाले. वाघ आला नव्हता. ते जरा नाराज होते.

पुन्हा पुणे

मी ध्वनिमुद्रण संस्थेला दिलं. समितीने ते ऐकलं, चहाच्या आधीच. मग मला पत्र आलं. ऑर्गन हे विदेशी वाद्य असल्याने गीत शुद्ध लोकसंगीतात बसत नाही. पार्श्वभूमीला यांत्रिक आवाज आहे. सुरुवातीला एक पुरुष गायिकेला अडवतो, तो भाग अनावश्यक असून काढून टाकावा. रोवणीचं गीत तर मुळात नाहीच. गीताची शुद्धता: भेसळयुक्त. मी ते पत्र आणि ध्वनिमुद्रण दोन्ही स्वतःकडे ठेवून घेतलं, एक अक्षरही न काढता.

त्याआधीच, ठरलेल्या सोमवारी, शस्त्रक्रिया झाली होती. मुलीने फोनवर सांगितलं की गाठ निघाली, साधी होती, पण नस दुखावली आहे. पहिला महिना सायत्राबाईंना कुजबुजण्यापलीकडे काही जमत नव्हतं. नंतर आवाज आला, पण तो निराळाच आला. जाड, खरखरीत, खाली बसलेला. गाणं गेलं ते गेलंच. मास्तर एकदा बसने नागपूरला येऊन गेले, दवाखान्यात दोन तास बसले, आणि त्यांनी ठरल्याप्रमाणे चहा घेतला, असं मुलीने सांगितलं. मी फोन करायचा धीर गोळा करत राहिले. सांत्वनाची दोन वाक्यं मी लिहूनही ठेवली होती. ती भाषणापेक्षा बरी नव्हती.

फेब्रुवारीत एका सकाळी फोन वाजला. पलीकडून एक अनोळखी, घोगरा आवाज म्हणाला, "वो मॅडम! ओळखलं का?"

मी ओळखलं नाही. मग त्या हसल्या, आणि ते हसणं मात्र तेच होतं.

त्या स्वतःच वडशाला गेल्या होत्या. एका कंपनीच्या कार्यालयात उभ्या राहून विचारलं, माझा आवाज असा झाला आहे, याचं काही होतं का? तिथे एका नाटकातली खाष्ट सासू करणारी बाई आजारी पडली होती. तीन दिवसांत सायत्राबाईंनी संवाद पाठ केले. आता त्या गावोगाव सुनेला छळत फिरत होत्या.

"आणि लोक काय म्हणतात?" मी विचारलं.

"शिव्या देते! गाणं म्हनाची तवा टाळ्या पडे, आता बाया उभ्या होऊन शिव्या देते. काल त एका बाईनं चप्पल फेकून मारली मले."

"अरे देवा! लागली का?"

"खांद्यावर लागली. पन काय सांगू मॅडम, अठरा हंगाम गाल्ली, असं कवा झालं नोतं. नवी कोरी चप्पल होती, माह्याच मापाची," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "मी दुसरीची किती वाट पाह्यली. पन तिनं नाई फेकली."